तेच सील, तीच गळती

ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत, पाऊस पडून गेला की डाऊनी रोगाच्या भयाने द्राक्षबागाईतदारास फवारणीत एका रात्रीचाही विलंब परवडत नाही, आणि नेमक्या त्याच मोसमात निफाड-दिंडोरीपासून तासगाव-पलूसपर्यंतच्या गॅरेजांत छोटे ट्रॅक्टर एकाच तक्रारीने येऊन उभे राहतात: पीटीओच्या मागून तेल गळते, सील नुकतेच बदलले होते, आता पुन्हा गळते. फिटर जुने सील उचकून काढतो, नवे बसवितो, तेल भरून देतो. ट्रॅक्टर बागेत जातो आणि पंधरवडा उलटत नाही तोच परत येतो. ज्या कारागिरांच्या हाताविषयी आम्हांस नितांत आदर आहे त्यांच्याकडूनही हे घडते, म्हणूनच या अंकात या विषयाचा परामर्श घेणे अगत्याचे वाटते. एकाच जागचे सील दुसऱ्यांदा गेले असता, ते का गेले याचा छडा लागल्यावाचून तिसरे बसवू नये, एवढेच आमचे सांगणे आहे. कारण असे सील बहुधा दोषी नसते, दुसऱ्याच कोठल्या तरी दोषाचे फळ ते भोगीत असते.

सीलचे काम काय, याविषयीच आपल्या व्यवसायात एक गैरसमज रूढ आहे: कोणतेही सील आतील दाब थोपवून धरते, असा. जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये ज्या हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले, तिचा दट्ट्या गळत असे. पॅकिंग आवळावे तर गळती थांबे, पण दट्ट्या परतताना अडे. यावर चामड्याच्या वाटीसारख्या कड्याचा जो तोडगा निघाला, त्याचे श्रेय सामान्यतः हेन्री मॉडस्ले यास दिले जाते: द्रवाच्या दाबानेच कडे फुलून दट्ट्यास बिलगे व दाब ओसरताच सैल पडे. लिफ्टच्या सिलिंडरातील सील आजही याच तत्त्वावर चालते. परंतु फिरत्या शाफ्टवरचे सील या जातीचे नव्हे. त्याची पातळ लिप आणि तिच्यामागची बारीक स्प्रिंग शाफ्टवर तेलाच्या सूक्ष्म थरासह टेकून राहण्यापुरतीच योजलेली असते. आतील दाब थोपवून धरणे हे तिचे कामच नाही. सामान्य प्रतीच्या अशा सीलची सहनशक्ती दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आतच संपते. सबब, हौसिंगात दाब साठूच नये म्हणून जी एक क्षुद्र वाटणारी वस्तू बसविलेली असते, त्या ब्रीदरकडे तपासाच्या आरंभीच पाहावयास हवे.

हौसिंगात २० लिटर तेल आणि वर ४ लिटर हवा आहे असे धरू. सकाळी २५ अंशांवर असलेले तेल दुपारी ८० अंशांवर गेले की ते सुमारे पाऊण लिटरने फुगते. हवेस जागा उरते सव्वातीन लिटरांच्या आत, शिवाय तीही तापलेली. ब्रीदर मातीने व वाळलेल्या फवाऱ्याने बुजला असेल तर आतील दाब बाहेरच्यापेक्षा जवळजवळ अर्ध्या किलोने चढतो. आता याच हौसिंगात कोणी दोन लिटर तेल अधिक ओतले असेल, म्हणजे हवेस दोनच लिटर जागा राहिली असेल, तर त्याच उष्णतेने दाब एक किलोच्याही वर जातो. उत्तमोत्तम कंपनीचे सीलही तेथे टिकणार नाही, आणि टिकले नाही म्हणून विक्रेत्याशी हुज्जत घालण्यात अर्थही नाही. कोकणात भाताच्या चिखलणीला हाच बुजलेला ब्रीदर उलट्या दिशेने घात करतो: तापलेले हौसिंग पाण्यात बुडते, आतील हवा आकसते, आणि सीलमधून पाणी आत खेचले जाऊन तेल दुधासारखे पांढरे होते.

तेल अधिक भरले जाते ते केवळ निष्काळजीपणाने, असेही नाही. आपल्याकडील पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांस एकच तेल पुरविले जाते. १९४६ मध्ये कॉव्हेंट्रीत तयार होऊ लागलेल्या फर्ग्युसनच्या टीई-२० मध्ये पंप ट्रान्समिशनच्याच तेलात बुडालेला होता, आणि एकाच तेलावर सर्व भागविण्याची ती सुटसुटीत रीत पुढे सर्वदूर पसरली. आता टिपिंग ट्रॉली वर उचललेली असताना कोणी डिपस्टिक पाहिली, तर सिलिंडरात गेलेले तेल तिच्यावर दिसणार नाही; पातळी कमी भासेल, तेल ओतले जाईल, आणि ट्रॉली खाली येताच बाहेरचे तेल परत येऊन हौसिंग तुडुंब भरेल. म्हणून ट्रॅक्टर सपाटीवर उभा करून, लिफ्ट व ट्रॉली दोन्ही खाली टेकवून, मगच पातळी पाहावी.

ब्रीदर साफ आहे, पातळी योग्य आहे आणि तरीही गळते, तर काढलेले सील फेकून न देता उजेडात धरून पाहावे. लिप कडक होऊन तडकली असेल तर उष्णता. फुगून मऊ पडली असेल तर न मानवणारे तेल. एकाच बाजूस अधिक झिजली असेल तर शाफ्ट मध्यावर फिरत नाही, म्हणजे बेअरिंग सैल आहे किंवा सीलच तिरपे बसले आहे. लिपवर आरपार बारीक चीर असेल तर ती बहुधा बसवितानाच पडलेली असते: पीटीओ शाफ्टच्या सहा स्प्लाइनांच्या कडा धारदार असतात, त्यांवर पातळ प्लास्टिक किंवा चिकटपट्टी न गुंडाळता सील सरकविले की ते पहिल्याच दिवशी निकामी होते. द्राक्षपट्ट्यात आणखी एक प्रकार पाहावयास मिळतो. बागेत बांधणीची सुतळी आणि प्लास्टिकची दोरी पडलेली असते, ती शाफ्टभोवती गुंडाळली जाऊन सीलच्या तोंडाशी घट्ट कडे करून बसते व लिप आत ढकलते. वरून मातकट तेलाचा थर असल्याने ती दिसत नाही, चाकूने खरवडली तरच हाती लागते.

सील निर्दोष दिसले तर शाफ्टवर नख फिरवावे. लिप ज्या जागी वर्षानुवर्षे घासली तेथे नख अडकण्याजोगी खाच पडलेली असेल तर नवे सील त्याच खाचेत बसून गळणार, हे ठरलेलेच. हौसिंगातील जागा व तेलाचे भोक यांस बाध येत नसेल तर सील एक-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून लिपला कोरी जागा द्यावी. ते शक्य नसेल तर शाफ्टवर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवावी. एमरी पेपरने खाच घासून काढण्याची जी पद्धत सर्रास चालते ती मात्र आम्हांस सर्वथैव अमान्य आहे: तिरप्या घासण्याने शाफ्टवर आट्यांसारखे ओरखडे उठतात आणि शाफ्ट फिरू लागला की तेच ओरखडे तेल बाहेर ओढू लागतात.

बेअरिंग सैल निघाले तर तेवढे बदलूनही थांबू नये. फवारणीच्या ब्लोअरचा टेलिस्कोपिक शाफ्ट लांब राहिला असेल तर ओळीच्या टोकाशी वळताना तो आत टेकतो, आणि तो धक्का थेट पीटीओच्या बेअरिंगवर बसतो. हे कारण गॅरेजात कधीच सापडत नाही. त्यासाठी अवजार जोडून, ट्रॅक्टर जागच्या जागी वळवून पाहावा लागतो.

आणखी एक गोष्ट. ज्या ठिकाणी तेल ठिबकते तेथेच ते गळते असे समजून हौसिंग खोलण्याची घाई करू नये. तेल वरून उतरते, वाऱ्याने मागे जाते, बोल्टच्या आट्यांतूनही वाट काढते. डिझेलने धुऊन, पूर्ण कोरडे करून, संशयित सांध्यांवर खडूची भुकटी पसरावी आणि ट्रॅक्टर गरम होईपर्यंत चालवावा; पहिला ओला डाग जेथे उमटेल तेथे तपास सुरू होतो. आणि बाहेर थेंबही नसताना पातळी उतरत असेल, तर पंप इंजिनवर बसविलेल्या ट्रॅक्टरात इंजिनची डिपस्टिक अवश्य पाहावी: पंपाच्या शाफ्टचे सील गेले की ट्रान्समिशनचे तेल इंजिनात उतरू शकते, आणि तसे झाले असता ट्रॅक्टर त्या क्षणी बंद ठेवणे हाच इलाज.

या सर्व तपासास वेळ लागतो, आणि मोसमात गॅरेजात वेळ नसतो, हे आम्ही जाणतो. परंतु त्या वेळेचा मोबदला मागावयास आपले कारागीर का संकोचतात, हे आम्हांस कळत नाही. सील बदलण्याची मजुरी बिलात येते. निदानाची मजुरी येत नाही, आणि म्हणून निदान होतही नाही. तपासणीची रक्कम जॉबकार्डावर स्वतंत्र लिहावी; तिच्याखाली ब्रीदर, तेलाची पातळी, शाफ्टची खाच व बेअरिंगचा खेळ यांची नोंद करावी, आणि काढलेले सील त्याच कार्डासह बागाईतदाराच्या हाती देऊन ते का गेले याचा खुलासा त्यास तोंडी करावा. येत्या खरड छाटणीच्या सुमारास कामाचा जोर थोडा कमी असतो. ज्या ट्रॅक्टरांना या मोसमात दुसऱ्यांदा सील लागले, ते तेव्हा बोलावून घेऊन ही तपासणी उरकावी.