येथें पाहण्यासारखें काय आहे?

वाचकांपैकीं पुष्कळांचा अनुभव असा असेल, कीं दूरच्या गांवचीं प्रेक्षणीय स्थळें आपणांस तोंडपाठ असतात. पण घरापासून चार कोसांवर काय आहे असें कोणीं विचारलें, कीं आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतों. प्रवासाच्या या पानावर बहुधा लांबच्या सहली येतात. या महिन्यांत मात्र मला माझ्या स्वतःच्या जिल्ह्याचीच सहल सांगावयाची आहे. तिला निमित्त झाला एका नऊ वर्षांच्या मुलीचा प्रश्न.

गेल्या दिवाळींत भंडाऱ्यास आमच्या वडिलोपार्जित घरीं सारीं भावंडें जमलीं होतीं. धाकट्या बंधूंचा मुलगा अमेरिकेंत एका मध्यम वस्तीच्या शहरांत नोकरीस असतो. तोहि सहा वर्षांनीं पत्नी व मुलांना घेऊन आला होता. जमण्यास फराळाखेरीज दुसरेंहि एक कारण होतें. घर मोठें आणि राहणारीं माणसें दोन, थोरल्या वहिनी व मी. दर पावसाळ्यांत कौलें फुटतात, भिंतींस ओल येते. तेव्हां घर विकून सर्वांचे वांटे मोकळे करावे, असा विचार दोन वर्षें चालला होता. दिवाळी आटोपली कीं बोलावयाचें, असें ठरलें होतें.

पाडव्याच्या सकाळीं पुतण्याची मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “आजोबा, आमच्या गांवीं नदीकांठीं बाग आहे, पक्षी पाहण्याचें तळें आहे, टेकडीवर जायला पायवाट आहे. आणि या सगळ्यांचा नकाशा कोणालाहि फुकट मिळतो. इथें पाहण्यासारखें काय आहे?”

मीं सहज उत्तर दिलें, “येथें काय असणार, बाळ! नागपूरला गेल्यावर पाहूं.”

वहिनी विळीवर भाजी चिरीत होत्या. मान वर न करितांच त्या म्हणाल्या, “भाऊजी, पस्तीस वर्षें तुम्हीं याच जिल्ह्यांत मुलांना भूगोल शिकविला ना?”

मी निरुत्तर झालों. त्या रात्रीं एका मोठ्या कागदावर मीं हातानें नकाशा काढला आणि तीन दिवसांच्या तीन सहली आंखल्या. त्या येथें देतों. वाचकांपैकीं कोणास या बाजूस येणें झालें तर उपयोगी पडतील.

पहिला दिवस शहराच्या आसपासचा. भंडारा नागपूरपासून सुमारें ६० किलोमीटरवर वैनगंगेच्या कांठीं वसलें आहे. रेल्वेनें येणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें, कीं भंडारा रोड हें स्टेशन गांवांत नसून वरठीस आहे. वैनगंगा मध्य प्रदेशांतील शिवनी जिल्ह्यांत उगम पावते, पुढें वर्धा नदीस मिळून प्राणहिता होते व प्राणहिता गोदावरींत विलीन होते. म्हणजे आमच्या घाटावर स्नान करणारा मनुष्य नकळत गोदेच्याच पाण्यांत हातपाय धूत असतो! कारध्याच्या पुलावरून सकाळचें नदीचें पात्र पाहावें आणि मग कोरंभीच्या देवीस जावें. टेकडीवरून दिसणारा नदीचा विस्तार डोळे निववितो. परंतु हीच नदी २०२० च्या ऑगस्टअखेर कोपली होती. वरच्या धरणांचें पाणी सुटलें आणि शहराच्या सखल वस्त्यांत घरेंच्या घरें बुडालीं. नदीचें सौंदर्य पाहणारानें तिचा धाकहि ओळखावा.

दुपारीं मुलांना कासारांची कारागिरी दाखविली. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची कीर्ति जुनी आहे. आमच्या आजीच्या वेळचा गुंड व घागर अद्याप माजघरांत आहेत. स्टीलच्या भांड्यांनीं या धंद्याची रया घालविली, तरी पत्र्यावर हातोडी पडूं लागली कीं होणारा नाद मुलांना कोणत्याहि वाद्यापेक्षां गोड वाटला. सायंकाळीं रावणवाडीच्या जलाशयावर गेलों. भोंवतीं जंगल, मध्यें स्थिर पाणी. पुतण्याचा मुलगा पाऊण तास एकाहि यंत्राकडे न पाहतां बसून राहिला, हें त्याच्या आईनें मला दोनदां सांगितलें.

शहराजवळच कोका अभयारण्य आहे. २०१३ सालीं तें जाहीर झालें. त्याला लागूनच १९७० पासूनचें नागझिऱ्याचें जुनें अभयारण्य आहे. अस्वल, गवा, बिबट्या, चितळ यांची येथें वस्ती आहे. पावसाळ्यांत जंगलांतील फेरी बंद असते, म्हणून हिंवाळा किंवा उन्हाळ्याचा आरंभ साधावा. वेळेअभावीं आमचें कोका राहून गेलें. त्याचा परिणाम पुढें चांगलाच झाला, तो शेवटीं सांगतों.

दुसरा दिवस उत्तरेचा. तुमसरच्या पलीकडे सातपुड्याच्या फांट्यावर आंबागडचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या अमदानींत, इ. स. १७०० च्या सुमारास, त्याचा सुभेदार राजाखान यानें तो बांधला. पुढें नागपूरकर भोंसल्यांनीं त्याचा तुरुंग केला. कैद्यांना तेथील विहिरीचें सडकें पाणी पाजून मारीत, असें सांगतात. आमच्या घरांतील मुलांना सिंहगड-प्रतापगड ठाऊक, आणि गोंड राजांचें राज्य आपल्याच अंगणांत होतें हें मात्र ठाऊक नाहीं, याचें मला वैषम्य वाटलें. दोष अर्थात् शिकविणाराचा, म्हणजे माझाच.

तेथून गायमुखास गेलों. महाशिवरात्रीस येथें मोठी यात्रा भरते. झाडींतून येणारें थंड पाणी व शिवाचें ठाणें पाहून वहिनींनीं तेथेंच डबा सोडावयास लाविला. पुढें चांदपूरचा तलाव व टेकडीवरील मारुति. याच तालुक्यांत चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मँगॅनीजच्या खाणी आहेत. डोंगरीच्या खनिजाचा उपयोग विजेरीच्या कोरड्या बॅटऱ्यांत होतो, हें ऐकून पुतण्याच्या मुलानें आपली विजेरी उघडून पाहिली. भूगोलाचा एवढा चांगला तास माझ्या हातून वर्गांत कधीं झाला नाहीं.

वाटेंत जागोजाग तलाव लागत होते. ‘तलावांचा जिल्हा’ हें नांव या भूमीस उगीच पडलेलें नाहीं. हे तलाव निसर्गानें दिले नाहींत. ते कोहळी लोकांनीं बांधले. जमिनीचा उतार डोळ्यांनीं मापावा, आडवी पाळ घालावी, वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावांत सोडावा आणि पाटानें धानाच्या बांध्यांना पाणी द्यावें, ही त्यांची विद्या. ती कोणत्याहि विद्यापीठांत शिकविली जात नव्हती. नवेगांवबांधचा विख्यात तलाव कोलू पाटील कोहळी यांनीं अठराव्या शतकाच्या आरंभीं बांधला असें सांगतात. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा निराळा झाला, तेव्हां तो तिकडे गेला. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली व तलाव सरकारजमा झाले. अजून लोक त्यांना ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. जुलमी पद्धति गेली हें उत्तमच झालें. पण पाळ दुरुस्त करण्याची व गाळ काढण्याची जी गांवाची रीत होती, तीहि पुष्कळ ठिकाणीं तिच्याबरोबर गेली. आज कित्येक तलावांत गाळ सांचला आहे आणि कांठानें बेशरमीचीं झुडुपें माजलीं आहेत. जेथें ढिवरबांधवांनीं व गांवकऱ्यांनीं मनावर घेतलें, तेथें पाणवनस्पति पुन्हां लावून मासे व पक्षी परत आणले गेले आहेत. आपल्यासारख्या घरांतून या लोकांच्या विद्येचा उल्लेख क्वचितच होतो. पण आपल्या ताटांतील चिन्नोरचा भात त्याच विद्येवर पिकला आहे.

तिसरा दिवस दक्षिणेचा. अड्याळच्या मारुतीचें दर्शन घेऊन आम्हीं पवनी गांठली. हें गांव म्हणजे इतिहासाची उघडी पोथी. एका बाजूस वैनगंगा आणि उरलेल्या बाजूंस प्राचीन मातीच्या तटाचे व खंदकाचे अवशेष. १९६९-७० मध्यें नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खातें यांनीं येथें उत्खनन केलें. शां. भा. देव व जगत्पति जोशी यांनीं तें पार पाडलें. जगन्नाथ टेकडींत दोन हजार वर्षांहून प्राचीन बौद्ध स्तूप निघाला. दात्यांचीं नांवें ब्राह्मी लिपींत कोरलेले दगडी कठड्याचे खांब निघाले. भार राजा भगदत्त याचा शिलालेखहि येथलाच. महामहोपाध्याय मिराशींनीं तो प्रसिद्ध केला. आणि त्याच गांवीं वैजेश्वराचा घाट व इतकीं देवळें, कीं लोक पवनीस विदर्भाची काशी म्हणतात. एका मातींत किती पिढ्यांची श्रद्धा थरावर थर सांचली आहे!

पवनीजवळच गोसीखुर्दचें धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजीं पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें त्याची पायाभरणी झाली, व त्यास ‘इंदिरासागर’ हें नांव मिळालें. तेहेतीस दरवाजांची ती रांग व पलीकडचा पाण्याचा समुद्र पाहून मुलें टाळ्या पिटूं लागलीं. वहिनी मात्र गाडींतून उतरल्या नाहींत. परततांना जलाशयाच्या एका कांठावर त्यांनीं गाडी थांबविण्यास सांगितलें. त्यांच्या पिशवींत नारळ, खण व तांदूळ होते. ते त्यांनीं घरूनच आणले होते, आणि आम्हां कोणास ठाऊक नव्हतें.

वहिनींचें माहेर याच पाण्याखालीं गेलें. गांव उठलें तेव्हांपासून त्या इकडे आल्या नव्हत्या.

कांठावर एक वृद्ध ढिवर जाळें वाळवीत होता. त्यानें विचारलें, “कोनतं गाव होतं जी तुमचं, बाई?” वहिनींनीं नांव सांगितलें. त्यानें हात उंच करून पाण्यांतील एक जागा दाखविली. “त्या वाळल्या झाडाच्या अलीकडं देवीचं ठानं होतं. मी तिथं पोहलो हाय जी.”

वहिनींनीं त्या दिशेनें हात जोडले, पाण्याला ओटी वाहिली. पुतण्याच्या मुलीनें हळूच विचारलें, “आजी, तुमचें घर कुठें आहे?” त्या म्हणाल्या, “देवळापासून चौथें. दारांत चिंच होती.” एवढेंच. ती मुलगी पाण्याकडे पुष्कळ वेळ पाहत राहिली. नंतर तिनें माझ्या नकाशावर त्या जागीं एक लहान घर काढलें व त्यापुढें एक झाड.

धरण वाईट, असें मला म्हणावयाचें नाहीं. त्याच्या कालव्यांनीं ज्यांच्या शेतांत पाणी आलें, त्यांची कृतज्ञताहि खरी आहे. परंतु प्रेक्षणीय स्थळ म्हणून आपण ज्यापुढें छायाचित्र काढतों, त्याच्याखालीं कोणाचें तरी अंगण असतें, हें मुलांना एकदां तरी प्रत्यक्ष दाखवावें.

त्या रात्रीं जेवणानंतर घराचा विषय निघाला. सर्वांचे हिशेब मांडून झाले. बंधूंना पैशाची गरज आहे, ती खोटी नाहीं. शेवटीं कोणीं तरी वहिनींस त्यांचें मत विचारलें. दोन वर्षांत तें प्रथमच विचारलें जात होतें, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें. त्या म्हणाल्या, “माझें एक घर पाण्यानें नेलें, तेथें कोणाचा इलाज चालला नाहीं. हें दुसरें आपल्याच हातांनीं घालवावयाचें, तर मुलांनीं तें एकदां नीट पाहिलें आहे ना, एवढी खात्री करून मग घालवा. मी आड येणार नाहीं.”

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, आमचें कोका राहिलें आहे. पुढच्या दिवाळींत येतों. तोंवर कौलांचा खर्च माझ्याकडे.” बंधूंच्या पैशाची सोय तूर्त आम्हीं दोघां-तिघांनीं मिळून केली. घर कायमचें राहील असें मी म्हणत नाहीं; एक वर्ष राहिलें आहे, आणि जो निर्णय होईल तो आतां वहिनींस विचारून होईल.

वाचकांस एवढीच विनंती, कीं येत्या सुटींत दूरचीं तिकिटें अवश्य काढावीं. पण त्यापूर्वीं एक रविवार आपल्याच तालुक्यास द्यावा. बरोबर घरांतील सर्वांत वृद्ध व सर्वांत लहान, अशीं दोन्ही माणसें घ्यावीं. एकाला वाटा ठाऊक असतात, आणि दुसऱ्याला प्रश्न विचारतां येतात. माझा नकाशा आमच्या ओसरीवर टांगला आहे. त्यांतील तें पाण्यांतलें लहान घर मीं पुसलेलें नाहीं.