फिनलंडची केक्री आणि गोठ्याची सुटी

जनावराला रविवार कळत नाही. घरात लग्न असो की दुखणे, सकाळ-संध्याकाळ धार काढावीच लागते. मग जनावरे सांभाळणाऱ्या माणसाने विसावा घ्यायचा केव्हा? युरोपच्या उत्तरेकडील फिनलंड देशात या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली. पहिले सणाने दिले, दुसरे कायद्याने.

हा मुलूख कडक थंडीचा. दक्षिण भागात पिके वाढण्याचा काळ जेमतेम सहा महिन्यांचा, उत्तरेला त्याहूनही पुष्कळ कमी. तेवढ्यात गवत कापून वाळवायचे, राय आणि सातू काढायचे. दमट हवेत पेंढ्या वाळत नसत. म्हणून ओंडक्यांच्या बंद कोठारात त्या आडव्या दांड्यांवर रचत, दगडी भट्टी पेटवत आणि धुराने वाळल्यावर झोडपून दाणे काढत. मग गुरे हिवाळ्यासाठी गोठ्यात येत. एवढे उरकले की शेतीचे साल संपले. त्या वेळचा सण म्हणजे केक्री.

पूर्वी ज्याची कामे संपत, त्याची केक्री त्या दिवशी. पुढे ती १ नोव्हेंबरला, ख्रिस्ती संतांच्या दिवशी ठरून गेली. त्या दिवशी मेंढा कापत, घरची बिअर काढत आणि पोटाला तडस लागेपर्यंत जेवत. आजचे ताट भरलेले तर येणारे सालही भरलेले, अशी समजूत. पितरांसाठी सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, तापवून ठेवत आणि जेवण मांडत. शिंगे लावलेली सोंगे घरोघर फिरत आणि पाहुणचार झाला नाही तर भट्टी फोडू, असा दम देत. कायानी गावात आजही केक्रीला गवताचा मोठा बोकड उभारून जाळतात.

या सणाची वाट सर्वांत जास्त पाहत ते सालगडी आणि मोलकरणी. त्यांचे साल याच सुमारास भरे. हिशेब होई आणि पुन्हा कामावर रुजू होण्याआधी आठवडाभर मोकळीक मिळे. शिवाय जुने साल आणि नवे साल यांच्या मधल्या दिवसांत सूत कातणे, मेंढ्या भादरणे वर्ज्य असे. कातले तर मेंढरांना बाधा होते, अशी भीती. भीती खोटी असेल, पण तिच्यामुळे बाईच्या हातांना चार दिवस आराम मिळे.

गोठा मात्र तेव्हाही सुटत नसे. जुन्या काळी तिकडे धार काढणे हे बायकांचेच काम. पुरुषाने गायीखाली बसणे कमीपणाचे मानत. त्यामुळे केक्रीच्या दिवशीही घरची बाई पहाटे गोठ्यातच असे.

ती गाठ १९७०च्या दशकात सुटू लागली. पगारदारांना सुटी मिळते, मग गाई पाळणाऱ्यांना का नको, हा विचार कायद्यात आला. सुटीच्या दिवसांत बदली माणूस येतो. धारा, वैरण, शेण सगळे पाहतो. खर्च सरकार सोसते आणि व्यवस्था शेतकऱ्यांच्या विम्याची मेला ही संस्था पाहते. अलीकडच्या वर्षांत ही सुटी वर्षाला २६ दिवसांची होती. आजारपणात व बाळंतपणातही बदली माणूस मिळतो, मात्र त्याचे थोडे पैसे मोजावे लागतात. अट एवढीच, की ठरावीक जनावरे हवीत आणि मुख्य धंदा शेतीचा हवा.

एवढ्याने सारे गोठे टिकले, असे मात्र नाही. १९९५ साली फिनलंड युरोपीय संघात गेला, तेव्हा दुधाचा धंदा करणारी तीस हजारांवर घरे होती. आता ती पाच हजारांहूनही कमी उरली आहेत. दुधाचा भाव, कर्ज आणि मोठ्या गोठ्यांची चढाओढ सुटीने थोडीच मिटते? पण जे टिकले, त्यांना आजारी पडल्यावर गाई विकाव्या लागत नाहीत, हे काही थोडे नाही.

वाचकहो, कायदा होईल तेव्हा होवो. आपल्या गोठ्यातली गाय एकाच हाताला सवकली असेल, तर आतापासून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी शेजारी बसवा. कुणाला किती खुराक, कोणती लाथ झाडते, कोणती पान्हा चोरते, ते त्याला सांगून ठेवा. महिन्याभरात त्याचा हात बसेल. मग घरच्या लक्ष्मीला माहेरी जाऊन दोन रात्री निवांत झोपता येईल. तिचेही साल कधीतरी भरायला हवे.