ऑक्सिजन हे औषध आहे, हवा नव्हे!

घरात धाप लागलेला रुग्ण असला की नातेवाइकांचा हात आपोआप ऑक्सिजनच्या नॉबकडे जातो. दोन लिटरचे चार होतात, चाराचे सहा. "डॉक्टर, जास्त दिला तर काय बिघडणार? शेवटी हवाच ना ती!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आज स्पष्टच लिहितो : बिघडते. कधी कधी जीवही जातो.

विडी-सिगारेट किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसे खराब झालेल्या, म्हणजे सीओपीडीच्या अनेक रुग्णांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत असतो. त्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला की फुप्फुसातील हवा आणि रक्तप्रवाह यांचा मेळ बिघडतो, श्वासही मंदावू शकतो आणि कार्बन डायऑक्साइड आणखी वाढतो. ऑक्सिमीटर मात्र ९९ दाखवतो, कारण तो कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही. घरचे म्हणतात, "आजोबांना छान झोप लागली." ती झोप नसते, गुंगी असते.

ही माझी कल्पना नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, टास्मानियातील रुग्णवाहिकांमध्ये केलेल्या अभ्यासात अशा रुग्णांना सरसकट भरपूर ऑक्सिजन देण्याऐवजी मोजून दिल्यावर मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. म्हणूनच बहुतेक आजारी रुग्णांसाठी ९४ ते ९८ टक्के हे लक्ष्य असते, तर कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असणाऱ्यांसाठी ८८ ते ९२. त्यांचे ९० पाहून घाबरू नका. त्यांच्यासाठी ते योग्यच आहे.

दोष फक्त तुमचा नाही, आम्हा डॉक्टरांचाही आहे. गोळी लिहिताना आम्ही मात्रा आणि वेळ लिहितो, पण ऑक्सिजनच्या बाबतीत "ऑक्सिजन चालू ठेवा" एवढेच लिहून मोकळे होतो. हे चुकीचे आहे. चिठ्ठीवर चार गोष्टी हव्यात : किती लिटर, नळीने की मास्कने, दिवसातून किती तास आणि ऑक्सिमीटरवर किती आकडा ठेवायचा. नसतील तर विचारा. विचारणे हा उद्धटपणा नव्हे, तुमचा हक्क आहे.

याचा अर्थ ऑक्सिजनला घाबरा, असाही नाही. सीओपीडीमध्ये ज्यांचा ऑक्सिजन कायमच फार कमी असतो, त्यांचे आयुष्य दररोज किमान १५ तास ऑक्सिजन घेतल्याने वाढते. तिथे "सवय लागेल" म्हणून तो बंद ठेवणे हाही तितकाच मोठा अपराध. आणि आकडा चांगला असूनही धाप लागत असेल, तर नॉब फिरवून उपयोग नाही. कारण शोधावे लागते.

एवढे मात्र पाळा. रुग्ण सुस्त झाला, बरळू लागला, सकाळी डोके दुखू लागले, तर ऑक्सिजन एकदम काढू नका. ताबडतोब डॉक्टरांना कळवा. साधा मास्क पाच लिटरपेक्षा कमी प्रवाहावर लावू नका, त्यात सोडलेला श्वासच पुन्हा आत जातो. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत विडी, गॅस, उदबत्ती, समई काहीही नको. नाक कोरडे पडले तरी व्हॅसलीन लावू नका.

आज घरी गेल्यावर रुग्णाची चिठ्ठी काढून पाहा. त्यावर हे आकडे नसतील, तर नॉबला हात लावण्याआधी डॉक्टरांना फोन लावा.