मिरचीचें गोत्र

स्वयंपाकघराच्या शुद्धतेचा कैवार घेणाऱ्यांची सध्यां चलती आहे. एखाद्या सुनेनें थालीपिठांत ओरेगॅनो घातला, किंवा मेक्सिकन रीतीची टोमॅटोची चटणी पानांत वाढली, कीं हे कैवारी तत्काळ उद्गारतात, "हें आपलें नव्हे!" मग आपलें तें कोणतें, एवढाच साधा प्रश्न त्यांना विचारावयाचा आहे.

एकादशीचेंच पान घेऊं. कारण शुचितेचा कटाक्ष त्या दिवशीं सर्वांत अधिक. त्या पानांत साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी आणि रताळ्याचा कीस. आपल्याकडील साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो. तो कंद, भुईमूग, बटाटा, रताळें आणि या सर्वांना चव आणणारी हिरवी मिरची, हीं सारीं मूळचीं अमेरिका खंडांतलीं. १४९२ सालीं कोलंबस अटलांटिक ओलांडून गेला नसता, तर आमच्या व्रतस्थ मंडळींना वऱ्याच्या तांदुळांवर आणि ताकावरच भागवावें लागलें असतें!

१५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें. पुढें चौल, वसई येथें त्यांचीं ठाणीं झालीं. १५८० ते १६४० या काळांत स्पेन व पोर्तुगाल यांचा राजा तर एकच होता. त्या व्यापाराबरोबर हीं पिकें आलीं. आमच्या रायगड जिल्ह्यांतील कोर्लई गांवीं पोर्तुगीजांतून उपजलेली बोली अजून ऐकूं येते. 'बटाटा' आणि 'काजू' हे तिकडचे शब्द तर आपण सारेच बोलतों. चालुक्यराजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लासा'त पाककृति विपुल आहेत; पण त्यांतील तिखटपणा मिऱ्यांचा. मिरची आली तेव्हां तिला आपण मिऱ्यांचेंच नांव दिलें आणि घरांत घेतलें.

यावर उत्तर ठरलेलें आहे: "मिरची शतकानुशतकें आपली झाली, ओरेगॅनो कालचा." ठीक. म्हणजे प्रश्न जन्माचा नाहीं, सवयीचा आहे, हें तरी मान्य झालें! आणि ही सवय काळानें आपोआप लावली काय? चैत्र-वैशाखांत पनवेलच्या आगरी-कोळी घरांतून बेडगी, संकेश्वरी, लवंगी उन्हांत वाळतात, भाजल्या जातात, कुटल्या जातात. त्या ठसक्यांत उभ्या राहणाऱ्या बायकांनीं मिरची आपली केली. त्यांच्या लेकीसुनांना तोच अधिकार आज नाकारणारे आपण कोण?

शिवाय हा व्यवहार एकतर्फी नाहीं. मेक्सिकोच्या रांधणींतलें जिरें, कोथिंबीर आणि लिंबू हीं स्पॅनिश लोकांनीं आपल्या बाजूच्या जगांतून तिकडे नेलीं. कुंडींतल्या ज्या पानओव्याचीं आपण भजीं तळतों, तोच कॅरिबियन बेटांवर ओरेगॅनो म्हणून रांधतात. टोमॅटो, लसूण, मिरची तव्यावर काळपट भाजावीं, पाट्यावर रगडावीं, वर चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू घालावें. मेक्सिकोंतली गृहिणीही हेंच करते. तिचा दगडी खल, आपला पाटा, एवढाच भेद.

आक्षेप घ्यावयाचाच असेल, तर 'मेक्सिकन मसाला' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीवर घ्यावा. तींत मसाला किती आणि मीठ-साखर किती, हें वेष्टनावर वाचावें. तेथें वादाचा मुद्दा देशाचा नसून लबाडीचा आहे.

ही चर्चा क्षुल्लक वाटेल. तशी ती नाहीं. आज पनवेलींत एकेका इमारतींत पांच प्रांतांचीं कुटुंबें नांदतात, आणि शेजारच्या फोडणीच्या वासावरून माणसाची पारख होऊं लागली आहे. ज्या घरांत ताटांतल्या पदार्थाचें गोत्र विचारतात, त्या घरांत पंक्तीला बसणाऱ्याचें गोत्र विचारावयास वेळ लागत नाहीं. अन्नाला दोनच कसोट्या पुरेत: तें रुचावें आणि पचावें. तिसरी लावणाऱ्यांनीं आधीं आपल्या फराळांतली मिरची वेंचून बाजूला ठेवावी.