चार्जिंग स्टेशन्स वाढतायत, मग ईव्हीवाल्यांची धाकधूक का कमी होत नाही?

गणपतीला मुंबईहून कोकणात निघालेली एक इलेक्ट्रिक कार. बॅटरी १८ टक्क्यांवर आलीय. अॅप सांगतं, चार किलोमीटरवर फास्ट चार्जर आहे. तिथे पोहोचलं की मशीन बंद असू शकतं. चालू असलं तरी पुढे तीन गाड्या उभ्या असू शकतात. एका गाडीला पाऊण तास धरला तरी नंबर लागायला सव्वादोन तास जातात. गाडीची रेंज शोरूममध्ये कळते, हा हिशोब मात्र रस्त्यावरच कळतो.

आता आकडे बघा.

देशात दुप्पट, महाराष्ट्रात?

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार फेब्रुवारी २०२४ मध्ये देशात १२,१४६ सार्वजनिक चार्जिंग स्टेशन्स होती. ३,०७९ स्टेशन्ससह महाराष्ट्र पहिला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये देशाचा आकडा २५,२०२ वर गेला. पण तोवर कर्नाटक ५,७६५ स्टेशन्ससह पुढे निघून गेलं होतं आणि महाराष्ट्र ३,७२८ वर होता. म्हणजे देशाचा आकडा दुप्पट झाला, महाराष्ट्राची वाढ मात्र साधारण २१ टक्के.

तरीही खरा प्रश्न फक्त संख्येचा नाही. चार्जर 'बसवला' आणि चार्जर 'सुरू झाला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मशीन उभं राहिलं तरी वीज कंपनीकडून वाढीव लोड मिळणं, गरज असेल तिथे ट्रान्सफॉर्मर बसणं, जोडणी होणं, यात महिने जाऊ शकतात. आणि सुरू झालेला चार्जर कायम सुरू राहील याचीही खात्री नसते.

चार्जर बंद का पडतात?

कारण पैशाचं आहे. २०१८ मध्येच केंद्राने स्पष्ट केलं की, गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नाही. त्यामुळे स्टेशन टाकायला परवाना लागत नाही. पण परवाना नको म्हणजे धंदा सोपा असं नाही.

एक साधं गणित करू. ६० किलोवॉटचं मशीन २४ तास पूर्ण क्षमतेने चाललं, तर दिवसाला १,४४० युनिट वीज देईल. प्रत्यक्षात ते दोनच तास वापरलं गेलं, तर १२० युनिट. म्हणजे जेमतेम ८ टक्के वापर. युनिटमागे ८ रुपये सुटले असं धरलं, तर दिवसाचे ९६० रुपये. यातून जागेचं भाडं, देखभाल, इंटरनेट आणि लाखांत गेलेला मशीनचा खर्च काढायचा. अशा ठिकाणी मशीन बिघडलं तर दुरुस्तीची घाई कोणाला असणार?

आणि इथेच सगळं अडतं. गाड्या कमी म्हणून चार्जर परवडत नाही, आणि चार्जरचा भरवसा नाही म्हणून लोक गाडी घ्यायला कचरतात.

स्वस्त प्रवास, पण कोणासाठी?

ईव्ही स्वस्तात पळते हे खरं. पण ती कुठे चार्ज होते यावर बरंच अवलंबून आहे. समजा, घरी युनिटला १० रुपये पडतात आणि बाहेर करासकट २४ रुपये. गाडी एका युनिटमध्ये ६ किलोमीटर जाते. मग घरी चार्ज केल्यास किलोमीटरला सुमारे १ रुपया ६७ पैसे, बाहेर ४ रुपये. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल कारला, १०५ रुपयांच्या दराने, ७ रुपये. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याची बचत घरी चार्ज केल्यास ५,३०० रुपयांच्या आसपास, बाहेर केल्यास ३,००० रुपये.

यात करही आहे. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के, पण सार्वजनिक चार्जिंगवर १८ टक्के. घरच्या विजेवर जीएसटी नाही.

म्हणजे सोसायटीत स्वतःचं पार्किंग असलेल्याला सगळ्यात स्वस्त वीज मिळते. गिरगावच्या चाळीत किंवा पुण्याच्या पेठेत रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला सगळ्यात महाग. सार्वजनिक चार्जरची खरी गरज याच माणसाला आहे.

सरकार काय करतंय?

सप्टेंबर २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार २०३० पर्यंत शहरी भागात दर १ किलोमीटर बाय १ किलोमीटरच्या चौकोनात किमान एक स्टेशन हवं. महामार्गांवर दर २० किलोमीटरला दोन्ही बाजूंना. सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत स्टेशनला मिळणारी वीज स्वस्त, इतर वेळी महाग ठेवायची, म्हणजे दिवसाची सौरऊर्जा वापरली जाईल. पण नोकरदाराची गाडी रिकामी असते रात्री. त्यामुळे ऑफिस आणि स्टेशनच्या पार्किंगमध्ये चार्जर आले तरच या स्वस्त विजेचा उपयोग.

पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सार्वजनिक चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवलेत. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय आणि अटल सेतू, समृद्धी, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे.

हे सगळे निकष अंतराचे आहेत. २५ किलोमीटरवर बंद मशीन असलं तरी कागदावर लक्ष्य पूर्ण होतं. पेट्रोल पंपावर सहसा एकापेक्षा जास्त नोझल असतात, एक बंद पडलं तर बाकीची चालू असतात. अनेक चार्जिंग स्टेशन्सवर मशीन एकच असतं. म्हणून 'किती स्टेशन्स' याच्या जोडीला 'त्यातली आज किती चालू' हा आकडाही सरकारने मागायला आणि लोकांसमोर ठेवायला हवा.

तोवर काय करायचं?

लांब निघताना एका नाही, दोन चार्जरचा बेत ठेवा. अॅपमध्ये तो चार्जर शेवटचा कधी वापरला गेला ते बघा. कोणी काल चार्ज केलं असेल, तर तो चालू असण्याची शक्यता जास्त. आणि फास्ट चार्जरवर ८० टक्के झाले की गाडी काढा. त्यापुढे चार्जिंगचा वेग बराच कमी होतो, आणि मागे कोणीतरी १८ टक्क्यांवर उभं असतं.