लॅपटॉपची बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची आहे? लिनक्समधला नावांचा गोंधळ समजून घ्या

वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून फुलंब्रीसारख्या गावात लॅपटॉप दिवसभर चार्जिंगलाच लावलेला असतो. पण लिथियम-आयन बॅटरी सतत १०० टक्के भरलेली ठेवली, की ती लवकर खराब होते. मग ऐन वेळी वीज गेली, की लॅपटॉप दहा मिनिटांत बंद! यावर उपाय म्हणजे चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवणे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर जुना लॅपटॉप लिनक्सवर नेणाऱ्यांना ही सोय हवीच आहे.

अडचण कुठे आहे?

लिनक्समध्ये ड्रायव्हर अशा सेटिंग छोट्या फाइलींच्या रूपात समोर ठेवतो. या व्यवस्थेला 'सिस्‌एफएस' म्हणतात. फाइलमध्ये ८० लिहिले, की चार्जिंग तिथे थांबते. पण ड्रायव्हरगणिक नावे वेगळी. आयडियापॅडच्या ड्रायव्हरने 'कॉन्झर्व्हेशन मोड' नावाची फाइल स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवली. तिथे टक्के नाहीत, फक्त ० किंवा १. असूसच्या ड्रायव्हरने मात्र बॅटरीच्याच फोल्डरमध्ये 'चार्ज कंट्रोल एंड थ्रेशोल्ड' हे प्रमाणित नाव वापरले.

तुम्हाला काय फरक पडतो?

मार्च २०२५ मध्ये आलेल्या ग्नोम ४८ मध्ये बॅटरी जपण्याचा पर्याय थेट सेटिंगमध्ये मिळाला. तो दिसायचा, तर ड्रायव्हरने प्रमाणित पद्धत पाळलेली असावी लागते. नाहीतर टर्मिनल उघडून कमांड द्यावी लागते. बारावीच्या मुलाने ते का करावे?

मग जुनी नावे काढून टाकायची?

नाही. अनेकांनी मित्राकडून घेतलेली स्क्रिप्ट वर्षानुवर्षे चालू असते. जुनी फाइल गायब झाली, तर अपडेटनंतर चार्जिंग गुपचूप १०० टक्क्यांवर जाईल आणि बॅटरी बसल्यावरच ते कळेल. म्हणूनच कर्नलमधील बदलाने लोकांचे चालू प्रोग्राम बंद पडू नयेत, असा लिनस टोरवाल्ड्स यांचा आग्रह असतो.

थिंकपॅडच्या ड्रायव्हरने यावर चांगला मार्ग काढला. प्रमाणित नाव दिले, जुने नावही ठेवले. दोन्हींमागे काम करणारा कोड एकच.

आपल्याला हे नवे नाही. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. म्हणून जुन्या नावाने आलेले पत्र पोस्टमन परत पाठवत नाही.

आमचे मत स्पष्ट आहे : नवी सुविधा पहिल्या दिवसापासून प्रमाणित नावानेच यावी आणि जुने नाव काही वर्षे चालू राहावे. दोन नावे सांभाळणे डेव्हलपरला कटकटीचे आहे, हे खरे. पण ती कटकट एकाची असते. नवी बॅटरी घेण्याचा खर्च हजारोंच्या खिशातून जातो.