पाच-दहा रुपयांचे टेबल

पश्चिम बंगालच्या 1957 च्या जुगारविषयक कायद्यातील एक गंमत येथे नोकरीनिमित्त आलेल्या माणसाच्या बऱ्याच उशिरा लक्षात येते. जुगाराच्या व्याख्येतून ब्रिज, पोकर, रमी व नॅप यांसारखे पत्त्यांचे खेळ त्या कायद्याने नावानिशी वगळले आहेत. मुंबई इलाख्याच्या 1887 च्या कायद्याच्या छायेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचून क्षणभर दचकायला होते. पण कोलकात्यात पत्ते ही लपूनछपून करण्याची गोष्ट नाही. पाड्यापाड्यांतील क्लबांत संध्याकाळी ब्रिज आणि ‘ट्वेंटी-नाइन’चे डाव उघड्यावर रंगतात. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिजच्या पुरुष जोडीचे सुवर्णपदक मिळवणारे प्रणव बर्धन व शिवनाथ दे सरकार हे याच वातावरणात तयार झालेले खेळाडू.

हे सारे आठवले ते एका तरुण मराठी सहकाऱ्यामुळे. 2024 च्या पावसाळ्यात तो एक वही घेऊन माझ्याकडे आला. आठ महिने तो एका संकेतस्थळावर पोकर खेळत होता. टेबल अगदी लहान, पाच-दहा रुपयांचे. तरीही 39,000 रुपये गेले होते आणि घरी अद्याप सांगितलेले नव्हते. ‘साहेब, नशीबच खराब आहे,’ हे त्याचे पालुपद. वहीत मात्र त्याने डावांच्या नोंदी प्रामाणिकपणे ठेवल्या होत्या. आम्ही दोन रविवार ती वही तपासली. नशिबाविरुद्ध पुरावा काही सापडला नाही.

पहिली गोष्ट म्हणजे तो दहापैकी सहा डाव खेळत होता. याचे मूळ मला आपल्या संस्कारात दिसते. मेंढीकोट असो वा येथील ट्वेंटी-नाइन, वाटलेला हात शेवटच्या पानापर्यंत खेळावाच लागतो. पाने वाईट आली म्हणून खाली ठेवण्याची सोय नाही. पोकरमध्ये नेमकी तीच सोय हे खेळाडूचे मुख्य हत्यार आहे. सुरुवातीला हाती येणाऱ्या दोन पानांच्या 1,326 जोड्या संभवतात. त्यांत दोन एक्के फक्त सहा प्रकारे येतात, म्हणजे सरासरी 221 डावांत एकदा. कोणतीही जोडी 17 डावांत एकदा. बहुतेक वेळ पाने टाकून स्वस्थ बसण्यात जायला हवा. परंतु दिवसभर दुसऱ्यांच्या निर्णयांची वाट पाहून थकलेला कारकून रात्री पुन्हा वाट पाहण्यासाठी खेळायला बसत नाही.

दुसरी चूक अधिक महागडी होती, आणि ती त्याला चूक वाटतच नव्हती. समजा, आपल्या हाती दोन बदाम आहेत, पटावरील चार पानांत आणखी दोन बदाम आहेत आणि एकच पान उघडायचे राहिले आहे. पाचवे बदाम आले तर डाव आपला, असे धरू. पॉटमध्ये 100 रुपये आहेत आणि समोरच्याने 50 लावले. आपण न पाहिलेली पाने 46. त्यांत बदाम नऊ. म्हणजे 46 वेळांपैकी 9 वेळा 150 रुपये मिळणार आणि 37 वेळा 50 रुपये जाणार. हिशेब मांडला तर अशा प्रत्येक ‘कॉल’मागे सरासरी सुमारे 11 रुपयांची खोट बसते. बदाम आल्यावर समोरच्याकडून आणखी पैसे निघतील, हा बचाव अगदीच खोटा नाही; पण त्यासाठी दर यशामागे सरासरी 56 रुपये जादा निघायला हवेत. त्याच्या वहीत ते क्वचितच निघाले होते. प्रत्येक वेळी ‘पन्नासच तर रुपये’ म्हणून तो पुढे गेला होता.

‘ब्लफ’ची कथा याच्या उलट. 100 च्या पॉटवर 50 लावून थाप मारायची, तर समोरचा तीन वेळांतून किमान एकदा तरी माघार घ्यायला हवा. मोठ्या टेबलावरचा जाणकार खेळाडू घेतोही. पाच-दहाच्या टेबलावर मात्र समोर बसलेला माणूसही ‘पन्नासच तर’ म्हणणारा असतो. जो पाने टाकतच नाही, त्याला घाबरवायचे कशाने? तेथे चांगल्या पानांवर भरपूर लावणे आणि वाईट पाने गुपचूप टाकणे, एवढे नीरस धोरण पुरते.

डावात सर्वांत शेवटी बोलणाऱ्याचा लाभही त्याने कधी ओळखला नव्हता. हे मला सांगावे लागले याचे नवल वाटले, कारण नस्तीवर शेवटी टिपणी लिहिणाऱ्याने आधीच्या सर्वांचे मत वाचलेले असते, ही गोष्ट आमच्या कार्यालयात शिपायालाही ठाऊक आहे. हरल्यावर वसुलीसाठी वरच्या टेबलावर जाणे हा प्रकार तर सरकारी माणसाला परका नाहीच. ‘आजवर इतका खर्च झालेला आहे’ एवढ्याच आधारावर मंजूर झालेली सुधारित अंदाजपत्रके मी पाहिली आहेत. काहींवर माझीही सही आहे.

आणि या सर्वांखाली रेक. प्रत्येक पॉटमधून संकेतस्थळ आपला हिस्सा कापते, साधारणतः पाच टक्क्यांच्या आसपास, कमाल मर्यादेसह. ही मर्यादा मोठ्या पॉटला वाचवते. लहान पॉट तिथपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून तो पूर्ण टक्केवारी भरतो. सहा सारख्याच ताकदीचे खेळाडू प्रत्येकी 500 रुपये घेऊन बसले आणि शंभराचे साठ पॉट झाले, की 3,000 पैकी 300 टेबलावरून नाहीसे होतात, आणि जिंकले कोणीच नाही. सहकाऱ्याच्या 39,000 पैकी सुमारे 12,000 आमच्या अंदाजाने याच वाटेने गेले होते. 1 ऑक्टोबर 2023 पासून खात्यात भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के वस्तू व सेवा कर लागला. कर धरून 100 रुपये भरले तर जवळपास 22 रुपये कराचे. तो भार अनेक संकेतस्थळे बोनस देऊन झाकत, त्यामुळे तोही डोळ्यांत भरत नसे.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. 1967 साली सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यत्वे कौशल्याचा खेळ म्हटले, आणि पुढील अर्धशतक ऑनलाइन खेळांचे सारे समर्थन त्या एका शब्दावर उभे राहिले. पण कौशल्य असणे हा दुबळ्या खेळाडूचा बचाव कसा होतो? खेळात कौशल्य जितके अधिक, तितके अकुशलाचे हरणे निश्चित. निव्वळ सोडतीत निदान दोघांची संधी सारखी असते. त्याच निकालात असेही म्हटले होते की, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळातून क्लबाचा मालक स्वतः नफा मिळवत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकेल. कौशल्याचे वाक्य सर्वांनी पाठ केले. नफ्याचे हे वाक्य विस्मरणात गेले. नियामकाला विचारण्याजोगा प्रश्न खरे तर तेथेच होता.

प्रत्येक खेळाडूला दरमहा तीन आकडे ठळकपणे दाखवा, इतकी साधी अट घालता आली असती: भरलेली रक्कम, कापलेला रेक, निव्वळ तोटा. वीजबिलावर याहून अधिक माहिती असते. त्याऐवजी ‘सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा’ हे वाक्य जाहिरातीच्या शेवटी भरभर वाचले जाई.

मधली पायरी अशी गाळल्यावर थेट बंदी आली. संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला आणि 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य की नशीब, हा भेद त्याने बाजूला ठेवला; पैशाचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्यास शिक्षा नाही. बंदीचा हेतू मला मान्य आहे आणि खेळणाऱ्याला गुन्हेगार न ठरवणे तर विशेष योग्य वाटते. देशातील नामांकित संकेतस्थळांनी पैशाची टेबले बंदही केली. माझी शंका एवढीच की, ‘पन्नासच तर’ म्हणणारा माणूस त्या दिवशी बंद झाला नाही.

सहकाऱ्याने यथावकाश पत्नीला सर्व सांगितले. गेल्या महिन्यात तो पुन्हा भेटला, तेव्हा मोबाइलवर कोणा ओळखीच्याने पाठवलेला एका परदेशी संकेतस्थळाचा दुवा त्याने मला दाखवला. टेबल तेच, पाच-दहाचे. आम्ही दोघांनी ते पान वरपासून खालपर्यंत वाचले. रेक किती, हे त्याच्यावर कोठेच लिहिलेले नव्हते.